उत्तर सगळ्यांना

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझंच पत्र मला येऊन पोचलं.

दोन मिनिटांपूर्वी मी ते संध्याला, एकट्या संध्याला पाठवलं होतं. ते माझ्याकडे येण्याचं काही कारणच नव्हतं. पण इनबॉक्समध्ये सगळ्यांत वर ते ठळक अक्षरांत बसलेलं होतं, आणि विषयाच्या आधी चौकोनी कंसात आमच्या मेलिंग लिस्टचं नाव होतं: सिव्हिल नव्वद. म्हणजे ते लिस्टवरून फिरून आलं होतं. म्हणजे आमच्या बॅचच्या शहाऐंशी जणांना गेलं होतं.

मी ते उघडलं. आत दुसरंच काही असेल अशी वेडी आशा होती. दुसरं काही नव्हतं.

"संध्या, हेमा माझ्या आत्याकडे आहे. अनसूया पवार, जुन्या पाण्याच्या टाकीमागे, विटा. वकिलांचे कागद तिथेच कुरिअर कर, मी शनिवारी जाऊन सही घेते. हाताचं प्लॅस्टर सोमवारी बदलायचंय. राजनला अजून माझा संशय नाही. शैला."

राजन म्हणजे हेमाचा नवरा. आम्ही सगळे एकाच वर्गातले. त्या शहाऐंशींत राजनही होता.

हे दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीतलं. मी तेव्हा सांगलीला आमच्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरीला होते. लिस्टचा सर्व्हर माझ्या टेबलाखाली घरघरत असायचा. लिस्ट मीच सुरू केलेली, मीच चालवायची. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, सगळ्या चाव्या माझ्याकडे. याचा मला जरा गर्वच होता, आता कबूल करायला हरकत नाही.

बारा दिवसांपूर्वी, सकाळी सहाला, हेमा माझ्या दारात उभी होती. कोल्हापूरहून पहिल्या एसटीनं आलेली. डावा हात ओढणीत बांधलेला, पायात दोन वेगवेगळ्या चपला. याआधी ती दोनदा घरातून निघाली होती. एकदा बहिणीकडे, एकदा बॅचमधल्याच एका मैत्रिणीकडे. दोन्ही वेळा त्यांनी तिच्या भल्यासाठी म्हणून राजनला फोन केला. दोन्ही वेळा तो मिठाईचा बॉक्स घेऊन न्यायला आला, सगळ्यांसमोर रडला, आणि घरी नेल्यावर काय केलं ते तिनं मला पाठ उघडी करून दाखवलं. मी तिला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं आणि दुसऱ्याच दिवशी विट्याला आत्याकडे पोचवलं. मी निघताना ती म्हणाली, "शैला, संध्याशिवाय कुणालाही सांगू नकोस. या वेळी त्यानं शोधलं तर मी पुन्हा निघू शकणार नाही."

संध्या पुण्यात एका वकीलबाईंच्या ऑफिसात काम करायची.

आणि राजन? राजन आमच्या बॅचचा लाडका. निरोपसमारंभात गाणारा, कुणाचे वडील आजारी पडले तर रक्त द्यायला पहिला हजर होणारा. हेमा गेल्यावर त्यानं लिस्टवर लांबलचक पत्र लिहिलं होतं. तिच्या मनाची अवस्था ठीक नाही, कुणाला काही कळलं तर कृपा करून कळवा. ते वाचून अर्धी बॅच हळहळली. त्याखाली संध्यानं साळसूदपणे लिहिलं होतं, "शैला, तुला काही समजलं तर मलाही कळव." मला समजायचं ते समजलं. मी तिच्या त्याच पत्रावर रिप्लाय दाबला.

पाच वर्षं आमच्या लिस्टवर रिप्लाय दाबलं की उत्तर मूळ पत्र लिहिणाऱ्या एकट्याला जायचं. सगळ्यांना पाठवायचं तर रिप्लाय ऑल. पण लिस्टवरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात एक न दिसणारी ओळ घालता येते, की याचं उत्तर लिस्टलाच पाठवा. ती ओळ असली की मेलचा प्रोग्रॅम निमूटपणे तसं करतो. तुम्ही साधं रिप्लाय दाबलंत तरी उत्तर सगळ्यांना. वर पत्त्याच्या रकान्यात तसं दिसतं, पण तो रकाना बघतंय कोण?

ती ओळ मी आदल्या रविवारी घातली होती. माझ्या हातानं. राजननं फोन केला होता.

"शैला, एक काम कर ना. लोक रिप्लाय ऑल दाबायला विसरतात, मग उत्तरं भलतीकडेच जातात. माझ्या पत्रावर कोण काय लिहितंय ते सगळ्यांना दिसू दे. तुझ्या हातातलं आहे ना ते?"

नाही म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही का नको म्हणते? म्हणून मी हो म्हटलं, आणि सेटिंग बदललं. त्या गुरुवारी रिप्लाय दाबताना माझ्या बोटांना ते आठवलं नाही.

मी खुर्चीत तशीच बसले होते. मग एक गोष्ट आठवली आणि मी अक्षरशः उडी मारली: राजनला पत्रं डायजेस्टनं जायची.

डायजेस्ट म्हणजे दिवसभरातली सगळी पत्रं एकत्र बांधून संध्याकाळी सहाला एकदम पाठवायची सोय. राजन साईटवर असायचा, रात्री घरी जाऊन मेल बघायचा, म्हणून त्यानं सुरुवातीपासून तेच घेतलं होतं. म्हणजे पंच्याऐंशी जणांकडे पत्र पोचलं होतं, पण राजनच्या वाट्याचं अजून माझ्या टेबलाखाली होतं.

मी डायजेस्टची फाईल उघडली आणि माझं पत्र त्यातून उडवलं. लिस्टच्या जुन्या पत्रांमधूनही उडवलं. मग लिस्टला कुलूप घातलं, म्हणजे यापुढचं प्रत्येक पत्र माझ्या परवानगीसाठी थांबून राहील, मी सोडल्याशिवाय कुणालाही जाणार नाही. अकरा पंचावन्न झाले होते. घाईत पासवर्ड तीनदा चुकला होता.

नंतर मी फाटकासमोरच्या एसटीडी बूथवर पळाले. आमच्या सेंटरच्या फोनला एसटीडीचं कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या खिशात, साहेब मुंबईला. आत्याचा फोन रस्ता खोदल्यापासून बंदच होता, तरी लावला. मग तिच्या शेजाऱ्यांचा लावला, तो नुसता वाजत राहिला. संध्या जेवायला बाहेर गेली होती. चारपाच जणांचे नंबर वहीत होते त्यांना फोन केले, "अरे ते पत्र चुकून गेलंय, पुसून टाक, कुणाला बोलू नकोस." एक जण म्हणाला, "कुठलं पत्र?" आणि माझ्या लक्षात आलं की आता तो जाऊन वाचणार.

परत आले तर थांबवलेल्या पत्रांचा आकडा तीन होता. थोड्या वेळानं सात. मग नऊ. मी एकही उघडलं नाही. लोक शहाणपण शिकवत असणार, तुझं पत्र सगळ्यांना गेलं म्हणून. ते मला माहीत होतं.

सव्वा वाजता टेबलावरचा फोन वाजला.

"शैला, खोत बोलतोय!"

भालचंद्र खोत म्हणजे आमच्या बॅचचा रिप्लाय ऑल. कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली, खोताचं "अभिनंदन!" शहाऐंशी जणांना जायचंच. मनानं निर्मळ माणूस, आणि पोटात काही ठरायचं नाही.

"अगं, हेमा सापडली की! मला काय आनंद झालाय म्हणून सांगू. पण तू राजनपासून का लपवलंस? तो बिचारा झुरतोय."

"भालू," मी म्हटलं, "तू कुणाला बोलला नाहीस ना?"

"कुणाला म्हणजे? राजनला केला ना फोन. म्हटलं, तो मेल रात्री बघणार, तोवर कशाला तळमळत राहायचं?"

मी घड्याळाकडे बघितलं.

"कधी केलास?"

"झाला अर्धा-पाऊण तास. सगळं पत्र वाचून दाखवलं, पत्ता तर दोनदा वाचून घेतला त्यानं. लगेच निघतो म्हणाला."

"त्यानं तिचा हात मोडलाय भालू."

"काहीतरीच काय! ती बाथरूममध्ये पडली, त्यानं मागेच सांगितलं होतं मला. शैला, तू एकाच बाजूचं ऐकतेयस. त्या माणसाच्या नशिबाला काय म्हणायचं? आधी त्या चारूनं साखरपुडा मोडला, आता ही निघून गेली. आणि तो कुणाला एक वाईट शब्द बोलत नाही."

"पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. मी बघितलेत. बाथरूममध्ये पडून पट्ट्याचे वळ उठतात का रे?"

त्याच्या उत्तराची वाट न बघता मी फोन ठेवला आणि स्टँडवर गेले.

एक चाळीसची विटा गाडी मिळाली. तासगावपर्यंत मी हिशेब करत होते. कोल्हापूरहून गाडीनं दोन तास, म्हणजे तो अडीच-पावणेतीनला पोचणार. मी सव्वातीनला. कुठूनही मोजलं तरी तो आधी. पोलिसांत जावं का? काय सांगणार, एक नवरा बायकोला न्यायला येतोय? शेजारच्या बाईनं विचारलं, "पोरी, आजारी हायेस काय?" मी मान हलवली. आजवर कशालाच मी इतकी घाबरले नव्हते.

आत्याच्या दारात पांढरी गाडी उभी होती.

राजन बाहेरच्या खोलीत पलंगावर बसला होता. बूट दाराशी जोडीनं नीट काढून ठेवलेले. हातात चहाची बशी. आत्या आतल्या दाराच्या चौकटीत उभी होती. हेमा कुठेच दिसत नव्हती, आणि तिच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खाटेवरची चादर अर्धी खाली लोंबत होती. मला वाटलं, झालं, गाडीत असेल. आणि मी गाडीत बघितलंच नव्हतं.

"ये शैला," तो म्हणाला. "तुझीच वाट बघत होतो. कुठे हलवलीस तिला?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या माझ्याकडे बघत नव्हती.

"ती... इथे नाही?"

"छान करतेस." तो बशी खाली ठेवून उठला, हसत. "'राजनला अजून माझा संशय नाही.' बरोबर लिहिलंस. खरंच नव्हता. ते रिप्लायचं सेटिंग बदललंस ते बरं केलंस."

त्यानं शेकहँडसाठी करावा तसा हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. चेहरा तसाच हसरा, आवाज तसाच मऊ. "मी चांगल्या शब्दांत विचारतोय. कुठे आहे?" आणि तो दाबत गेला. काचेच्या बांगड्या रुतल्या, एक फुटली. तो वर बघून हसतच होता आणि मला एकदम कळलं की हेमानं आठ वर्षं रोज हेच तोंड बघितलंय.

"मला माहीत नाही, राजन. देवाशपथ माहीत नाही."

ते खरंच होतं. माहीत असतं तर त्या क्षणी मी सांगितलं असतं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही, हेमालाही नाही.

"पावणं," आत्या म्हणाली, "च्या झाला न्हवं? मग हात सोडा तिचा आन् उठा. न्हाईतर गल्ली गोळा करते. मला कुनाची भीडभाड न्हाई."

त्यानं हात सोडला. बूट घातले, दोन्हीच्या नाड्या सावकाश बांधल्या. "आत्या, चहा छान होता," म्हणाला, आणि गेला. गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला तेव्हा मी जमिनीवर बसलेली होते, आणि आत्या माझ्या मनगटातली काच वेचत होती.

"आत्या, हेमा कुठाय?"

"मला न्हाई ठावं. बाराच्या पुढं एक बाई आली स्कूटरवरनं. हापिसातली वाटली. हेमानं वळिकलं तिला, गळ्यात पडली. धा मिन्टांत पिशवी भरून दोगी गेल्या."

"कोण बाई? नाव काय?"

"इचारलं तर म्हनली, नाव ठावं नसलं म्हंजी तुम्हाला खोटं बोलावं लागनार न्हाई. आन् म्हनली, शैला आली तर तिला मेल बघाय सांगा."

लिस्टचं कुलूप फक्त सेंटरमधूनच उघडायचं. मी चारच्या गाडीनं सांगलीला परतले. सेंटरमध्ये शिरले तेव्हा सहा वाजून गेले होते. त्या दिवशी डायजेस्ट निघालंच नव्हतं, काही सोडलेलंच नव्हतं तर निघणार काय. थांबवलेली पत्रं चौदा होती. बरीचशी अपेक्षेप्रमाणेच होती. "शैला, हे सगळ्यांना गेलंय, खाली बघ," आणि खाली आत्याचा पत्ता पुन्हा पहिल्यापासून. असं सहा जणांनी. खोताचंही त्यांतच होतं, साडेबाराचं.

रांगेतलं सगळ्यांत पहिलं पत्र मात्र अकरा अठ्ठावन्नचं होतं. मी कुलूप घातल्यानंतर तीन मिनिटांनी आलेलं. चारुशीलेचं.

चारू लिस्टवर पाच वर्षं होती आणि तिनं एक ओळ कधी लिहिली नव्हती. पाटबंधारे खात्यात बदल्या होत फिरत असते एवढंच आम्हाला ठाऊक. सध्या ती विट्याला आहे हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. शेवटच्या वर्षाला तिचा आणि राजनचा साखरपुडा झाला होता. तिनं तो महिन्याभरात मोडला. राजन कँटीनमध्ये रडला, आणि आम्ही सगळ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा. हेमासुद्धा.

पत्र असं होतं:

"शैला, हेमाला मी नेते आहे. कुठे, ते लिहीत नाही. रिप्लाय दाबलं तर वर सगळ्यांचा पत्ता आलाय, म्हणजे हे सगळ्यांना जाणार, आणि सगळ्यांत राजनही आहे. राजन, ती माझ्याबरोबर आहे. तुझं लक्ष असू दे. बाकीच्यांना एवढंच सांगते की तेरा वर्षांपूर्वी मी साखरपुडा का मोडला हे तुमच्यापैकी कुणी मला विचारलं नाही. आता विचारलंत तर सांगीन. चारू."

तिनं पत्त्याचा रकाना वाचला होता. शहाऐंशी जणांत एकटीनं. आणि ते वाचून घेऊन, मुद्दाम, सगळ्यांना लिहिलं होतं. मी तो कागद छापून घेतला आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. दुपारी नऊचा आकडा बघितला तेव्हाच पहिलं पत्र उघडलं असतं, तर दुपारभराची ती भीती मला भोगावी लागली नसती. पण मग राजनचा हात कसा असतो तेही मला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास फोन आला. तेरा वर्षांनी मी तिचा आवाज ऐकत होते.

"शैला, माझं पत्र अजून लिस्टवर आलं नाही."

"मी थांबवलंय, चारू. ते राजनलाही जाईल."

"त्याच्यासाठीच लिहिलंय."

"तो तुझ्या मागे लागेल. तू एकटी राहतेस. काल त्यानं माझं मनगट..."

"मलाही भीती वाटते गं," ती म्हणाली. "काल स्कूटर चालवताना सारखी मागे वळून बघत होते. तेरा वर्षं भीती वाटतेय, म्हणून तर लिस्टवर गप्प बसले. हेमाचं लग्न ठरलं तेव्हाही गप्प बसले. आता सोड ते पत्र."

"हेमा कशी आहे?"

"झोपलीय. कुठे ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. पुढे दोन वर्षांनी तिला घटस्फोट मिळाला, आता ती शिकवते, दिवाळीला फोन करते. तिचा पत्ता मी अजूनही कुठे लिहून ठेवलेला नाही.

फोन ठेवून मी पडद्यासमोर बसले. चारूच्या पत्रापुढे दोन बटणं होती, 'टाकून द्या' आणि 'सोडा'. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, माऊस धरवत नव्हता. मी डाव्या हातानं 'सोडा' दाबलं. साडेपाच वाजले होते.

पंधरा मिनिटं काहीच नाही. पंच्याऐंशी जण वाचत असणार आणि कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा सगळे गप्प बसणार.

मग रांगेत एक पत्र येऊन थांबलं. खोताचं. नेहमीप्रमाणे रिप्लाय ऑल.

"चारू, मी काल राजनला पत्ता वाचून दाखवला. दोनदा. आता तुला विचारतो, तेव्हा काय झालं होतं? सगळ्यांसमोर सांग."

सहाला आठ मिनिटं होती. मी तेही सोडलं. मग खुर्ची मागे घेऊन टेबलाखालच्या सर्व्हरची घरघर ऐकत बसले, सहा वाजेपर्यंत. त्या संध्याकाळी राजनच्या डायजेस्टमध्ये दोन पत्रं गेली.